कोरड्या दिवसांत प्रार्थना कशी टिकवावी

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत गर्दीबरोबर मेणबत्ती लावणे कोणालाही जमते; कसोटी लागते ती एखाद्या साध्या मंगळवारी, पहिल्या पाळीला निघण्याची घाई असताना आणि प्रार्थनेतला शब्दन्‌शब्द कोरडा वाटत असताना. त्या दिवसाची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

प्रार्थनेची वेळ इतकी थोडी ठरवावी की ती आजारपणातही पाळता येईल. दहा मिनिटे पुरेत. चहाचे आधण ठेवण्यापूर्वी ओट्याशी उभे राहून एक स्तोत्र वाचावे, ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणावे आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी. मन लागले की नाही, याची नोंद मात्र ठेवू नये. मी ती काही महिने ठेवली आणि प्रार्थना बाजूला राहून स्वतःच्या मनाचीच नाडी तपासत बसलो.

वर्षभरासाठी एकच संत सोबतीला घ्यावा आणि त्याच्या चमत्कारांपेक्षा त्याचे अडलेले दिवस वाचावेत. संत फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरले, हे सर्वांना पाठ असते. पण चीनमध्ये जाण्याची त्यांची इच्छा अपुरीच राहिली आणि 3 डिसेंबर 1552 रोजी, चीनचा किनारा समोर असताना, शांगच्वान बेटावर नावेची वाट पाहता पाहता तापाने त्यांचा अंत झाला.

माझी स्वतःची निवड मात्र फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझा यांची आहे. पंधराव्या वर्षी कार्मेल या संन्यासिनींच्या मठात गेलेल्या आणि 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारलेल्या या सिस्टर कोणत्याही मिशनवर गेल्या नाहीत, तरी 1927 मध्ये त्यांना झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याच्या आश्रयदात्या घोषित करण्यात आले. शेवटचे सुमारे दीड वर्ष त्यांना स्वर्गाबद्दल घोर शंकांनी ग्रासले होते. त्या काळात त्यांनी विश्वासांगीकार, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’ ही श्रद्धेची कबुली, स्वतःच्या रक्ताने लिहून उराशी बाळगला, आणि चालवत नसतानाही दूर कुठेतरी थकलेल्या एखाद्या मिशनऱ्यासाठी म्हणून मठाच्या बागेत पावले टाकली. हे आपल्यालाही करता येते: जिना चढताना गुडघे दुखू लागले, की ती चढण एका ठरावीक माणसाच्या नावाने अर्पण करावी.

घरातल्यांनीही आपल्याबरोबर प्रार्थनेला उभे राहावे म्हणून त्यांना मात्र घाई करू नये. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांना चर्चने संत ठरवलेले नाही, पण येथे त्यांचेच उदाहरण उपयोगी पडते. पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, आपल्या मनाला पटल्यावर.

एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट प्रार्थना करून बाकी फेडू नये, कारण अशी बाकी साचत जाते आणि शेवटी माणूस वहीच बंद करतो. कॅलेंडरचा तो चौकोन रिकामा सोडावा आणि सकाळी पुन्हा दहाच मिनिटे उभे राहावे.