घरच्यांना गिफ्ट द्यायला सॉल्ट डोचे ऑर्नामेंट्स, नीट वाळवून

सणाला घरच्यांना स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी द्यायचंय पण चित्रकला वगैरे फार जमत नाही, अशांसाठी सॉल्ट डो, म्हणजे मिठाच्या कणकेचे दोरीने लटकवायचे शोभेचे तुकडे, बेस्ट आहेत. मैदा, मीठ, पाणी, बस. बहुतेक जण सगळी मेहनत रंगावर घालतात आणि वाळवायची घाई करतात, मग पुढच्या सणाला डबा उघडला की आत मऊ पडलेले, बुरशी धरलेले तुकडे निघतात. त्यामुळे निदान आठवडाभर आधी सुरू करा, आदल्या रात्री करायचं हे काम नाही.

प्रमाण सोपंय. 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी कोमट पाणी. पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत घट्ट मळा. जाडं मीठ घेतलं तर वर खरखरीत दाणे दिसत राहतात. आणि बेकिंग पावडर आधीच घातलेला सेल्फ रेजिंग मैदा चुकूनही नको, ओव्हनमधे सगळं फुगतं आणि केलेलं डिझाइन गायब. दहा मिनिटं तरी मळा, गोळा हाताला चिकटायचा थांबला आणि लाटताना कडा फाटल्या नाहीत की झालं.

बटर पेपरवरच लाटा, म्हणजे नंतर उचलताना आकार ताणला जात नाही. जाडी साधारण 5 ते 6 मिलीमीटर. पातळ केलं की कडा वर वळतात, जाड केलं की आतून ओलं राहतं. कुकी कटर नसेल तर वाटी, ग्लास, बाटलीचं झाकण काहीही चालतं. भोक आत्ताच पाडायचं, स्ट्रॉने, आणि कडेपासून निदान 1 सेंटीमीटर आत, नाहीतर दोरी ओवल्यावर तिथूनच तुटतं. कापलेल्या कडा ओल्या बोटाने हलकेच फिरवून गुळगुळीत करून घ्या, नंतर सँडपेपर घासत बसण्यापेक्षा हे बरं.

आता गिफ्ट म्हणून ह्यात जान कशाने येते तर ठशांनी. दुकानातही गोल, चांदणी, घंटा सगळं मिळतं, पण घरातल्या छोट्याचा तळहात मिळत नाही ना! हाताचा ठसा घ्यायचा तर लाटी थोडी जाड ठेवा, मुलाचा हात वर ठेवून तळवा आणि एकेक बोट आपण वरून दाबायचं, कारण मुलं तळवा दाबतात आणि बोटं उचलतात मग ठसा अर्धवट येतो. दोन अंगठे तिरके जोडून दाबले की बदाम होतो, आजीचा एक आणि नातवाचा एक असा केला तर तो आजी कोणालाच देणार नाही. हे काही नको असेल तर एखादं पान घ्या, शिरांची बाजू खाली ठेवून वरून हलकेच लाटणं फिरवा आणि देठ धरून उचला, बारीकसारीक शिरा पण उमटतात. लेसचा तुकडा पण छान दिसतो. मागच्या बाजूला नाव आणि वर्ष टूथपिकने कोरा, भाजायच्या आधीच.

आता वाळवणं. ओव्हन 120 डिग्री सेल्सिअसवर ठेवा, त्याच्या वर नाही, कारण जास्त तापलं की फोड येतात आणि कडा तांबूस होतात. दोनेक तास लागतात, हाताचे जाड ठसे असतील तर तीन पण, आणि मधे एकदा उलटायचं. ओव्हन नसेल तर जाळीवर ठेवून हवेत वाळवा, रोज उलटा, कोरड्या हवेत दोन-तीन दिवस, दमट हवेत त्याहून बरेच जास्त. वाळलं का कसं बघायचं? मागच्या बाजूला मधोमध नख दाबा, खूण उठली तर परत आत. गार झालेला तुकडा गालाला लावला आणि अजून गारगार लागला तर आत ओल आहे, हे पण खात्रीचं आहे.

रंग अॅक्रिलिक, पातळ हात, एक वाळला की दुसरा. भरपूर पाणी घालून रंगवलं तर मीठ ते पाणी ओढून घेतं आणि वरचा थर मऊ पडतो. खरं सांगायचं तर ठसा चांगला आला असेल तर रंगवूच नका, नुसत्या खोलगट भागात थोडा गडद रंग भरून वरचा कपड्याने पुसून टाका. मार्करने लिहिणार असाल तर आधी एका फुकट तुकड्यावर बघा, वार्निश लागलं की काही मार्करची शाई पसरते.

वार्निश मात्र टाळू नका. मीठ हवेतली ओल खेचतं, त्यामुळे पुढे, मागे, कडांना आणि भोकाच्या आतून सुद्धा दोन हात द्यायचे. मागची बाजू दिसत नाही म्हणून बरेच जण सोडतात आणि ओल तिथूनच शिरते.

पांढराशुभ्र रंग हवा असेल तर 2 वाट्या खायचा सोडा, 1 वाटी कॉर्नफ्लॉर, सव्वा वाटी पाणी असं मध्यम आचेवर हलवत शिजवा, घट्ट गोळा झाला की ओल्या फडक्याखाली गार करून मळा. दिसायला देखणं, पण पडलं की सॉल्ट डोपेक्षा लवकर तुटतं.

पॅक करताना प्रत्येक वेगळं टिश्यूत गुंडाळा, अंड्यांचा रिकामा ट्रे ह्याला मस्त. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या असतील तर एक टाका. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना मात्र सांगूनच द्या की हे उंचावर लटकवा, एवढं मीठ कुत्र्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि कच्चा गोळा तर त्याहून वाईट कारण वास लागला की तो अख्खा खातो.