अंगणातली दुर्बीण घरातून चालवताना : बिघाड कसा शोधावा

दुर्बीण अंगणात आणि आपण घरात, अशी व्यवस्था एकदा नीट बसली की रात्रभर उघड्यावर उभे राहावे लागत नाही. मात्र काही बिघडले की अडचण होते, कारण पडद्यावर उमटणारा संदेश एका ठिकाणचा असतो आणि खरा दोष दुसऱ्याच ठिकाणी असतो. ‘कॅमेऱ्याशी संपर्क तुटला’ असे सॉफ्टवेअर सांगते तेव्हा कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि दोष वीजपुरवठ्यात, तारेत किंवा यूएसबी हबमध्ये (एका खाचेच्या अनेक खाचा करणाऱ्या पेटीत) सापडतो. म्हणून संदेशाच्या मागे न धावता साखळीच्या क्रमाने तपासावे : आधी वीज, मग तारा, मग नेटवर्क, मग संगणक व ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) आणि सर्वांत शेवटी आकाशाशी संबंधित गोष्टी. खालची कडी पक्की असल्याची खात्री झाल्याखेरीज वरच्या कडीला हात लावू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

येथे गृहीत धरलेली मांडणी अशी आहे : माउंटजवळ (दुर्बीण पेलून तिला आकाशाबरोबर फिरवणाऱ्या यंत्राजवळ) किंवा दुर्बिणीच्या नळीवरच एक मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवलेला आहे, मुख्य कॅमेरा, एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची दिशा सुधारायला मदत करणारा गाइड कॅमेरा, फोकस जुळवणारा फोकसर, फिल्टर बदलणारे फिल्टर व्हील आणि माउंट त्यालाच जोडलेले आहेत, आणि घरातला संगणक केवळ नेटवर्कवरून त्याचा पडदा पाहतो. अंगणातून घरापर्यंत लांब यूएसबी केबल ओढण्याची मांडणी मी कोणालाही सुचवणार नाही. यूएसबी २ ची एक केबल जास्तीत जास्त ५ मीटरपर्यंत धरली जाते आणि यूएसबी ३ ची साधी केबल ३ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही.

या मांडणीचा मोठा फायदा असा की नेटवर्क तुटले तरी छायाचित्रण थांबत नाही. म्हणूनच पडदा गोठल्यावर स्वतःला विचारण्याचा पहिला प्रश्न हा आहे की काम थांबले आहे, की फक्त आपल्याला ते दिसणे थांबले आहे? घाईने वीज बंद करून सुरू केली, तर व्यवस्थित चाललेला सीक्वेन्स (ठरवून दिलेली छायाचित्रांची मालिका) आपणच मोडतो, कॅमेरा थंड असतानाच बंद पडतो आणि माउंटला आपली दिशा विसरावी लागते. आधी राउटरच्या यादीत तो संगणक दिसतो का, हे पाहावे आणि पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा जोडून पाहावे. माउंटकडे रोखलेला एक छोटा देखरेखीचा कॅमेरा या वेळी फार उपयोगी पडतो. त्याचे अवरक्त दिवे मात्र एक्स्पोजर चालू असताना बंद ठेवावेत, कारण डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश मुख्य कॅमेऱ्याला दिसू शकतो आणि प्रतिमेत धूसर उजेड पसरतो.

वीज

माझ्या अनुभवात सर्वाधिक रात्री विजेने खाल्ल्या आहेत. माझ्या मांडणीत काही आठवडे मध्यरात्रीनंतर कॅमेरा गायब होत असे. संध्याकाळी तो तासन्‌तास बिनतक्रार चाले. मी ड्रायव्हर बदलला, यूएसबी केबल बदलली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले. काही फरक पडला नाही. शेवटी एका रात्री मल्टिमीटरची टोके हबजवळच्या जोडणीला लावून तिथेच बसून राहिलो. संध्याकाळी आकडा ११.८ व्होल्ट होता. दव पडू लागले तशी भिंगावर दव जमू न देणाऱ्या ड्यू हीटरच्या पट्ट्यांनी आपोआप जास्त वीज ओढायला सुरुवात केली आणि आकडा ११.१, मग १०.९ असा उतरत गेला. १०.७ च्या आसपास कॅमेऱ्याच्या पंख्याचा आवाज क्षणभर मंदावला, आणि घरातल्या पडद्यावर तोच परिचित संदेश उमटला.

कारण साधे होते. पुरवठा घराच्या भिंतीपाशी होता आणि तिथून बारीक तारेने १२ व्होल्ट अंगणात नेले होते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ०.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०३४ ओहम असतो. तार ५ मीटर असेल तर जाण्यायेण्याचे मिळून १० मीटर होतात, म्हणजे ०.३४ ओहम. थंड होणारा कॅमेरा, माउंट आणि हीटर मिळून ४ अँपिअर ओढत असतील तर जवळपास १.४ व्होल्ट तारेतच संपतात. तीच तार १.५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर ही घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते. त्यामुळे व्होल्टेज पुरवठ्याच्या तोंडाशी न मोजता उपकरणाच्या तोंडाशी मोजावे, आणि तेही सगळा भार चालू असताना : कॅमेरा पूर्ण थंडाव्यावर, हीटर पूर्ण ताकदीवर आणि माउंट जोरात फिरत असताना. आलेला आकडा प्रत्येक उपकरणाच्या पुस्तिकेतील किमान आकड्याशी ताडून पाहावा.

गोल पिनच्या प्लगकडेही लक्ष द्यावे. बाहेरून ५.५ मिलिमीटरचेच दिसणारे प्लग आतून २.१ आणि २.५ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात. २.५ चा प्लग २.१ च्या पिनवर बसतो, चालतोही, पण सैल राहतो आणि दुर्बीण वळताना क्षणभर संपर्क सोडतो. घरगुती विजेची जोडणी अंगणात असेल तर ती पाऊस व दवापासून बंद पेटीत असावी आणि तिच्यावर गळती होताच वीज तोडणारा संरक्षक स्विच असावा. या बाबतीत तडजोड करू नये.

तारा आणि हब

कॅमेरा नेहमी ठरावीक वेळी न तुटता आकाशाच्या ठरावीक दिशेला तुटत असेल, तर तारेवर संशय घ्यावा. दुर्बीण फिरते तसतशी तार ताणली जाते, ट्रायपॉडच्या खिटीत अडकते किंवा स्वतःच्या वजनाने कनेक्टरला खाली ओढते. सगळ्या तारा नळीवर एकत्र बांधून तिथून एकच जाड वेटोळे खाली सोडावे आणि प्रत्येक कनेक्टरजवळ तार पट्टीने घट्ट धरावी, म्हणजे ओढ कनेक्टरवर न येता पट्टीवर येईल.

हब नेहमी स्वतंत्र वीज घेणारा असावा. संशय असेल तर मुख्य कॅमेरा हबमधून काढून थेट संगणकाला जोडून एक रात्र चालवावे. दोष गेला तर हब किंवा त्याची वीज, नाही गेला तर केबल किंवा कॅमेरा. यूएसबी ३ च्या उपकरणांतून आणि तारांतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायला त्रास देतो, हेही लक्षात ठेवावे. कॅमेऱ्यातून प्रतिमा उतरताना नेमका वायफाय दगा देत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

नेटवर्क आणि संगणक

शक्य असेल तिथे लॅन केबल टाकावी. १०० मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते आणि वायफायचे निम्मे प्रश्न संपतात. वायफायच वापरायचे असेल तर ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असले तरी भिंती ओलांडताना लवकर क्षीण होते, म्हणून राउटर खिडकीजवळ आणावा. राउटरमध्ये अंगणातल्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवावा, म्हणजे रोज नवा पत्ता शोधत बसावे लागत नाही.

विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून येणारे रिमोट डेस्कटॉप स्वीकारण्याची सोय नसते. तिथे दुसरे दूरनियंत्रण सॉफ्टवेअर घ्यावे लागते. मॉनिटर न जोडलेला मिनी पीसी कधीकधी काळा किंवा अगदी लहान पडदा दाखवतो. एचडीएमआय खाचेत बसणारा डमी प्लग लावला की मिनी पीसी मॉनिटर जोडलेला असल्याचे समजतो.

संगणकाच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करावी, यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करावी आणि विंडोज अपडेटनंतर आपोआप रीस्टार्ट होण्याची वेळ दिवसाची ठरवावी. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो’ ही निवड केली नसेल, तर दूरस्थ स्विचने वीज दिली तरी संगणक झोपलेलाच राहतो आणि अंधारात अंगणात जावेच लागते.

डिस्कची जागाही मोजावी. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची १६ बिटची एक प्रतिमा ५२ मेगाबाइटची होते. एक-एक मिनिटाचे एक्स्पोजर आठ तास घेतले तर ४८० प्रतिमा, म्हणजे सुमारे २५ गिगाबाइट.

माउंट दरवेळी लक्ष्यापासून दूर थांबत असेल तर घड्याळ पाहावे. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते, त्यामुळे संगणकाचे घड्याळ एक तास चुकले तर दुर्बीण १५ अंश चुकते. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत वीज गेल्यावर वेळ राखणारे घड्याळ नाही. नेटवर्क मिळाले नाही तर ते जुन्याच वेळेवर सुरू होतात. टाइम झोन आणि रेखांशाची पूर्व-पश्चिम बाजूही त्याच वेळी तपासावी.

ड्रायव्हरबाबत दोनच गोष्टी. विंडोजवर ॲस्कॉम आणि लिनक्सवर इंडी हे उपकरणे व सॉफ्टवेअर यांच्यातील दुवे आहेत. कॅमेरा एका प्रोग्रॅमने धरला असेल तर दुसऱ्याला तो बहुधा मिळत नाही, म्हणून मागे उघडा राहिलेला प्रोग्रॅम आधी बंद करावा. दुसरे म्हणजे माउंट किंवा फोकसरची केबल वेगळ्या यूएसबी खाचेत लावली की त्याचा कॉम पोर्ट क्रमांक, म्हणजे संगणकाने त्या जोडणीला दिलेला क्रमांक, बदलू शकतो. प्रत्येक केबल आणि तिची खाच यांना एकाच रंगाची पट्टी चिकटवली की हा गोंधळ होत नाही.

आकाशाशी संबंधित दोष

प्लेट सॉल्व्हिंग, म्हणजे प्रतिमेतले तारे ओळखून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते काढणे, फसत असेल तर बहुतेक वेळा केंद्रांतर चुकीचे लिहिलेले असते. एका पिक्सेलला किती कोनीय विकला (अंशाचा ३६०० वा भाग) येतात, हे २०६.२६५ गुणिले पिक्सेलचा मायक्रोमीटरमधील आकार भागिले केंद्रांतराचे मिलिमीटर, असे मिळते. ३.७६ मायक्रोमीटर पिक्सेल आणि ४०० मिलिमीटर केंद्रांतरासाठी उत्तर १.९४ येते. त्याच दुर्बिणीला ०.८ चा रिड्यूसर (केंद्रांतर कमी करणारे भिंग) लावला की केंद्रांतर ३२० होते आणि उत्तर २.४२. सेटिंगमध्ये मात्र ४०० च राहते, आणि सॉल्व्हर चुकीच्या मापाने तारे जुळवत बसतो. मग फोकस पाहावा. तारे वडीएवढे पसरले असतील तर कोणताही सॉल्व्हर ते ओळखू शकत नाही.

गायडिंगच्या, म्हणजे गाइड कॅमेऱ्याच्या आधारे माउंटची दिशा सतत सुधारत राहण्याच्या, आलेखाचे रूप नीट पाहायला शिकावे, कारण त्यात दोषाचे नाव जवळपास लिहिलेले असते. क्रांतीची (उत्तर-दक्षिण दिशेची) रेषा सतत एकाच बाजूला सरकत असेल आणि सुधारणाही एकाच दिशेने होत असतील, तर माउंटच्या अक्षाची ध्रुवाशी जुळवणी चुकली आहे. विषुवांशाची (पूर्व-पश्चिम दिशेची) रेषा ठरावीक मिनिटांनी तशीच वरखाली होत असेल, तर ती माउंटच्या वर्म गिअरची (माउंट फिरवणाऱ्या मळसूत्री गिअरची) आवर्ती चूक आहे. क्रांतीमध्ये सुधारणा देऊनही काही काळ काहीच घडत नाही आणि मग तारा एकदम पलीकडे उडी मारतो, तर गिअरमध्ये ढिलाई आहे. दोन्ही रेषांत अचानक सुळका येत असेल तर वारा किंवा अडकलेली तार. पीएचडी२ या गायडिंग सॉफ्टवेअरमधील गायडिंग असिस्टंट काही मिनिटे सुधारणा थांबवून ध्रुवजुळवणीची चूक आणि ढिलाई आकड्यांत सांगतो. अंदाज बांधण्याआधी तो चालवावा. गायडिंगचे कॅलिब्रेशन (माउंट किती व कुठे हलते याची पूर्वमोजणी) खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि याम्योत्तर वृत्ताजवळ (डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेषेजवळ) करावे, ध्रुवाजवळ करू नये.

आलेख सुंदर आणि तारे मात्र लांबट, असेही होते. तारे सगळ्या प्रतिमेत एकाच दिशेने लांबले असतील, तर गाइड दुर्बीण आणि मुख्य दुर्बीण एकमेकींच्या तुलनेत वाकत आहेत. गाइड दुर्बिणीचे स्क्रू घट्ट करावेत किंवा ऑफ-ॲक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे वळवणारा भाग) वापरावा. फक्त कोपऱ्यातले तारे बिघडले असतील, तर गायडिंगला दोष देऊ नये. तिथे करेक्टर (कडेचे तारे नीट करणारे भिंग) आणि सेन्सर यांच्यातील अंतर, जे अनेक करेक्टरांसाठी ५५ मिलिमीटर असते, किंवा सेन्सरचा तिरकेपणा तपासावा.

राहिला प्रश्न माउंट याम्योत्तर ओलांडताना बाजू बदलते त्या क्षणाचा. घरी झोपलेल्या माणसाला सर्वांत जास्त धोका याच क्षणी असतो, कारण कॅमेरा ट्रायपॉडच्या पायावर आपटू शकतो किंवा तार गुंडाळली जाऊ शकते. याची तालीम दिवसा करावी. मुख्य दुर्बीण, गाइड दुर्बीण आणि फाइंडर या तिन्हींवर झाकणे घट्ट बसवावीत, कारण सूर्याकडे वळलेली उघडी भिंगे सेन्सर जाळतात आणि डोळा कायमचा घालवतात. मग माउंटच्या शेजारी उभे राहून मोबाइलवरून तिला पूर्वेकडून पश्चिमेकडे बाजू बदलायला लावावे, एक हात वीज तोडण्याच्या स्विचवर ठेवावा, आणि कोणती तार आधी ताणते ते पाहून तिथले वेटोळे बोटभर मोठे करावे.