सेकंड-हँड लेन्स: आधी टॉर्च, मग किंमत

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपायचे तर कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स पुरत नाही. किमान ३०० मिलिमीटरची लेन्स हवी. नवी परवडेना म्हणून मी जुनी घेतली. ट्यूबलाइटखाली काच लख्ख दिसत होती. चार दिवसांनी सहज टॉर्च मारला, तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी! पैसे तर देऊन झाले होते.

जुनी लेन्स पाहायला घरून निघण्याआधी ती आपल्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर चालते का ते पाहा. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स डी३५०० किंवा डी५६०० वर बसतात, पण ऑटोफोकस होत नाही, कारण या बॉडीत फोकसची मोटर नाही. कॅननची ईएफ लेन्स आर मालिकेच्या कॅमेऱ्याला अडॅप्टरने छान चालते. अडॅप्टरचा खर्च मात्र हिशेबात धरा.

भेट दिवसा ठरवा. सोबत स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, कार्ड, टॉर्च आणि जुनं वर्तमानपत्र न्या.

आता टॉर्च. इथे घाई अजिबात नको. दोन्ही झाकणं काढा, मागून तिरपा प्रकाश टाका आणि पुढून पाहा. मग उलट करा. झूम आत-बाहेर करत पुन्हा पाहा, कारण भिंगं सरकली की लपलेला डाग समोर येतो. धुळीचे चार कण दिसतीलच, त्यांनी फोटो बिघडत नाही. तंतू किंवा फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसली तर लेन्स परत द्या. बुरशी भिंगावरचं कोटिंग खाते. साफ केली तरी खूण राहू शकते. सगळीकडे धुरकट थर असेल तर उजेडासमोरचे फोटो फिके येतात. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा एक वेळ चालेल, मागच्या काचेवरचा नको.

विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: पावसाळ्यात लेन्स कुठे ठेवता? इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरवून तशीच ओलसर बॅगेत ठेवलेली लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही.

मग हाताने तपासा. झूम आणि फोकसच्या दोन्ही रिंग अडखळता कामा नयेत. माउंटचे, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या कड्याचे, स्क्रू खरवडलेले असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे. अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या, पात्यांवर तेलाचा ओशटपणा नको.

शेवटी फोटो. वर्तमानपत्र भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा अगदी समोर स्थिर धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून पाहा. कोपरे थोडे मऊ असणं साहजिक आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू धूसर असेल, तर आतलं भिंग सरकलेलं असण्याची शक्यता मोठी. झूमच्या दोन्ही टोकांना हे करा.

किमतीचं बोलणं यानंतरच. मूळ बिल मागा, सिरीयल नंबर त्याच्याशी जुळवा. कुरिअरने पाठवतो, आधी पैसे टाका, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा.

घरी आणल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. पावसातून आल्यावर लेन्स आधी पंख्याखाली कोरडी करा, मगच डब्यात ठेवा.