लिनक्सवर गेम खेळायचे असतील तर आधी यादी करा

विंडोज १० ची नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून इंदूरमधील रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतल्या ओळखीच्या घरांतून मला एकच गोष्ट विचारली जाते: जुन्या संगणकावर विंडोज ११ बसत नाही, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली तर मुलांचे गेम चालतील का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण लिनक्सवर प्रत्येक गेम वेगळ्या वाटेने येतो आणि काही गेम येतच नाहीत. म्हणून लिनक्स बसवायला पेनड्राइव्ह हातात घेण्यापूर्वी कागद घ्यावा आणि घरात प्रत्यक्ष खेळले जाणारे गेम लिहून काढावेत. “सगळेच खेळतो” हे उत्तर मान्य करू नये; नीट विचारले की यादी सहसा पाच-सहा नावांच्या पुढे जात नाही.

यादीतील ऑनलाइन गेम सर्वांत आधी तपासावेत, कारण निर्णय बहुधा तिथेच होतो. अशा गेममध्ये लबाडी पकडणारी अँटी-चीट नावाची प्रणाली असते. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही प्रणाली विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करते, त्यामुळे तो गेम लिनक्सवर चालत नाही आणि त्यावर कोणतीही युक्ती नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रणालींनी २०२१ मध्ये लिनक्ससाठी सोय उपलब्ध करून दिली, परंतु ती सुरू करायची की नाही हे प्रत्येक गेमचा निर्माता ठरवतो. फोर्टनाइटच्या निर्मात्यांनी ती सुरू केलेली नाही. याहून त्रासदायक बाब अशी, की आज चालणारा गेम उद्या बंद होऊ शकतो. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आले आणि लिनक्सवरील खेळाडू बाहेर फेकले गेले, मात्र त्याच गेममधील एकट्याने खेळायची कथा पूर्वीसारखीच चालत राहिली. एपेक्स लेजंड्सने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर लिनक्सला दार बंद केले. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या वाल्व्ह कंपनी स्वतः काढते, त्यामुळे त्यांची चिंता नसते. ताजी स्थिती ‘आर वी अँटी-चीट येट’ या संकेतस्थळावर पाहावी. मुलाचा जीव व्हॅलोरंटमध्येच अडकलेला असेल, तर मी लिनक्स घालून देत नाही. घरात रुसवाफुगवी व्हावी एवढे लिनक्स मोठे नाही.

बाकीच्या गेमसाठी दोन ठिकाणी पाहावे. स्टीम, म्हणजे वाल्व्हचे गेम विकणारे आणि चालवणारे सॉफ्टवेअर, त्याच्या दुकानात गेमच्या पानावर तळाशी संगणकाच्या अपेक्षा दिलेल्या असतात. तेथे ‘स्टीमओएस + लिनक्स’ असा स्वतंत्र रकाना असेल, तर त्या गेमचे लिनक्ससाठी पोर्ट, म्हणजे मुद्दाम तयार केलेली आवृत्ती, उपलब्ध आहे असे समजावे. रकाना नसेल तर प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर नाव शोधावे. तेथे खेळाडूंच्या अनुभवांवरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि बोर्क्ड (न चालणारा) अशा श्रेण्या ठरतात, परंतु श्रेणीपेक्षा आपल्यासारखेच ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी अलीकडे लिहिलेले अनुभव अधिक उपयोगी पडतात.

पोर्ट नसलेला गेम चालतो तो प्रोटॉन या स्टीममधील सोयीमुळे. वाइन हा प्रकल्प १९९३ पासून विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्याचे काम करत आला आहे. वाल्व्हने त्याच पायावर ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणले. गेम विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स प्रणालीच्या भाषेत चित्र मागतो, आणि प्रोटॉनमधील डीएक्सव्हीके व व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन हे घटक ती मागणी लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीच्या भाषेत बदलून ग्राफिक्स कार्डाला देतात. म्हणूनच कार्डाला व्हल्कन चांगले यावे लागते, आणि नेमके येथेच लोक फसतात.

आर.एन.टी. मार्गावरील दुकानांतून स्वस्तातले कार्ड घेताना जीटी ७१० हमखास पुढे केले जाते. हे कार्ड एनव्हिडियाच्या केप्लर पिढीचे आहे. डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते आणि केप्लरचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, तेथवर पोहोचत नाही, त्यामुळे अशा कार्डावर प्रोटॉन ७ किंवा त्याहून जुनी आवृत्ती वापरणे भाग पडते आणि नवे गेम सोडून द्यावे लागतात. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सच्या बाबतीत सहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर ठीक, चौथ्या पिढीचे जेमतेम. एएमडीच्या मागील सात-आठ वर्षांतील कार्डांसाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही, तो लिनक्ससोबतच येतो. जुने कार्ड विकत घ्यायचेच असेल, तर मी तेच सुचवतो.

लिनक्सचा कोणता वाण घ्यावा यावर पोहे-जिलबी थंड होईपर्यंत वाद घालता येतो, परंतु नवख्या घरासाठी लिनक्स मिंट पुरेसे आहे. ते बसवल्यावर प्रथम सर्व अद्यतने घ्यावीत, एनव्हिडियाचे कार्ड असल्यास ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर बसवावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून स्टीम घ्यावे. तेथे स्टीम दोन स्वरूपांत दिसू शकते. त्यांपैकी फ्लॅटपॅक नव्हे, तर सिस्टम पॅकेज निवडावे. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ या भागात प्रोटॉनची सोय चालू असल्याची खात्री करावी. नव्या स्टीममध्ये ती बहुधा आधीच चालू असते.

आता डिस्कविषयी. माझ्या भाच्याच्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होते, आणि गेम पुन्हा उतरवायला नकोत म्हणून मी विंडोजच्या डी ड्राइव्हवरचेच फोल्डर स्टीमला दाखवले. दोन गेम सुरूच झाले नाहीत आणि तिसऱ्याचे सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, नाहीसे झाले. एक संध्याकाळ ड्रायव्हरला दोष देण्यात गेल्यावर खरे कारण कळले: प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखी एक छोटी रचना उभी करतो आणि तीत ‘सी’ या अक्षरापुढे विसर्गासारखे दोन टिंब असलेल्या नावाचा दुवा असतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर असे नाव विंडोजला चालत नाही. शिवाय विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर संगणक बंद केल्यावरही ती डिस्क अर्धवट जागी राहते आणि लिनक्स तिच्यावर लिहायचे टाळते. तेव्हा गेमसाठी डिस्कवर लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा वेगळा विभाग करावा आणि गेम तेथेच नव्याने उतरवावेत. उतरवण्याचे काम रात्री लावून झोपावे. शब-ए-मालवाची, म्हणजे आमच्या माळव्यातल्या रात्रीची, कीर्ती गारव्यासाठी आहे आणि तो लॅपटॉपलाही मानवतो.

पोर्ट असले की ते प्रोटॉनपेक्षा सरस असणारच, हा समज मात्र सोडून द्यावा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने व्यापारी गेमची पोर्ट काढली आणि पुरेसे गिऱ्हाईक न मिळाल्याने २००२ मध्ये ती बंद पडली. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आल्यावर फेरल इंटरअॅक्टिव्हसारख्या कंपन्यांनी दर्जेदार पोर्ट दिली, परंतु पोर्ट एकदा काढून भागत नाही, ते सांभाळावे लागते. रॉकेट लीगने मार्च २०२० मध्ये आपले लिनक्स पोर्ट बंद केले, आणि आज त्यासाठी प्रोटॉनचीच वाट धरावी लागते. म्हणून माझी पद्धत अशी: पोर्ट असेल तर आधी ते चालवून पाहावे, ते अडखळले, तर गेमच्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटीत जावे आणि प्रोटॉनची आवृत्ती सक्तीने निवडावी. त्यानंतर स्टीम विंडोजची आवृत्ती नव्याने उतरवून घेते. दोन्ही आवृत्त्यांचे सेव्ह वेगळ्या जागी असू शकतात, त्यामुळे बदल करण्यापूर्वी त्यांची प्रत काढून ठेवावी.

जुन्या गेमची गोष्ट निराळी, आणि मला विचाराल तर अधिक गोड. डूम या गेमचा मूळ सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मजकूर) १९९७ मध्ये खुला झाला, त्यामुळे जीझेडडूमसारखी इंजिने, म्हणजे गेम चालवणारे प्रोग्रॅम, त्याला नव्या संगणकांवर चालवतात. आपल्याकडे विकत घेतलेल्या गेमची मूळ फाइल तेवढी असावी लागते. मोरोविंड या गेमसाठी असेच ओपनएमडब्ल्यू हे इंजिन आहे. ओपनटीटीडी हा वाहतुकीचा गेम तर मूळ फाइलशिवायही, मोफत चित्रांसह चालतो. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती थेट लिनक्ससाठी मिळते, आणि लहान मुलांच्या यादीत बहुधा तेच पहिले नाव असते. एपिक आणि जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानांतून घेतलेल्या गेमसाठी हीरोइक गेम्स लाँचर बसवावा.

सर्व करूनही एखादा गेम सुरू झाला नाही, तर एका वेळी एकच बदल करावा: प्रथम प्रोटॉनची दुसरी अधिकृत आवृत्ती, मग प्रोटॉनअप-क्यूटी या प्रोग्रॅममधून घेतलेले जीई-प्रोटॉन (प्रोटॉनची अनधिकृत सुधारित आवृत्ती), आणि शेवटी प्रोटॉनडीबीवरील अनुभवांत दिलेली गेमची खास सेटिंग. पहिल्या खेपेस शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना गेम थोडा अडखळतो, त्याला बिघाड समजू नये. नवा विकत घेतलेला गेम मात्र त्याच दिवशी चालवून पाहावा, कारण स्टीम पैसे परत देते ते खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तरच. अडलेला गेम पडद्यावर उघडा ठेवून उपाय शोधत बसलात, तर तो वेळही त्या दोन तासांतच मोजला जातो.