पहिली वाकळ, मागवाल्याच्या हातची

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर मी 31 वर्षं काढली. चादर, टॉवेल, परत चादर. वडील जुन्या मिलमध्ये मागखात्यात होते, म्हणजे 1877 साली सुरू झालेली सोलापुरातली जुनी मिल. घरात कापडाशिवाय दुसरा विषय नाही, पण सुई मात्र कुणा पुरुषानं हातात धरलेली नाही. आडवा दोरा नेणारा धोटा मिनिटाला शंभराच्या वर वेळा फेकणाऱ्या यंत्रापुढं उभा राहिलेला मी. एकेक टाका मोजत बसणं आपल्याच्यानं होणार नाही, ही माझी खात्री होती.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ-बाळंतिणीसाठी बायकोनं वाकळ, म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी, शिवायला काढली होती. दोन सुती साड्या धुऊन, फाडून घड्या तयार, आणि दिवाळीनंतर चारच दिवसांनी बाई मोरीत घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर. मी म्हटलं, "चार ओळी घालून बघतो. नाहीच जमलं तर अक्काला देऊ." अक्का म्हणजे शेजारच्या. विड्या वळून त्यांची बोटं अशी तयार झालेली की अंधारातसुद्धा टाका सरळ पडतो. त्यांच्या तेलुगूत याला बोंता म्हणतात, मागच्या गल्लीतले कानडी लोक कौदी म्हणतात, आम्ही वाकळ.

त्या चार ओळींनंतर आता चौथी वाकळ चालू आहे. माझ्यासारखं कुणाला बसायचं असेल तर मी काय चुकलो आणि काय कळलं, ते लिहितो.

कापड आधी. नवं कापड घेऊ नका. पैशाचा प्रश्न नाही. नव्या कापडात खळ असते, ते धुतल्यावर आटतं आणि वाकळीला सुरकुत्या पडतात. शिवाय त्याची वीण घट्ट असते, सहा पदरांतून सुई जाताना अंगठा दुखून येतो. दहा-पंधरा वर्षं नेसलेल्या सुती साडीची खळ कधीच गेलेली असते आणि सूत मऊ पडलेलं असतं. साडी सुतीच आहे का, याची शंका असेल तर काठाजवळचा एक दोरा काढून जाळा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत. वितळून टोकाला कडक मणी धरला तर टेरिकॉट, ती बाजूला ठेवा. टेरिकॉटचे पदर एकमेकांवर सरकतात आणि घाम पीत नाहीत. लाल काठाची इरकल असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं काठ चोळा. फडकं गुलाबी झालं तर ती साडी आतल्या थरालाही नको, पहिल्या धुण्यात सगळी वाकळ रंगेल.

साडेपाच मीटरच्या साडीचे तीन सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा सहा फुटांचा होतो. दोन साड्या म्हणजे सहा पदर. सोलापूरच्या थंडीला एवढे पुरतात. कात्री फक्त काठापुरती लावा. पुढं हातानं फाडा, कापड आपोआप बाण्याच्या, म्हणजे आडव्या दोऱ्याच्या, रेषेत सरळ फाटतं. कात्रीनं कापलेली कड मी कितीही जपली तरी तिरकी जायची.

आता अंथरणं. यात घाई केलेली नंतर महिनाभर छळते. शहाबादी फरशी पुसून कोरडी करा आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर वरचे पदर उडतात. खालचा पदर पसरून चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे असेल ते ठेवा. त्यावर एकेक थर टाकून तळहातानं मधून बाहेर सारत जा. जुन्या साडीला कुठं भोक असेल तर तिथंच आतून ठिगळ द्या, वरून नको. सगळे थर बसले की चारी कडा बोटभर आत दुमडून घ्या.

मग कच्चा टाका. विटी-दांडूतल्या विटीएवढे लांब टाके, मध्यापासून सुरू करून चारी कोपऱ्यांकडं, उन्हाच्या किरणांसारखे. मी हे टाळलं. मला वाटलं, पदर तर नीट बसलेत, कशाला दोन संध्याकाळी घालवा? वाकळ कडेनं शिवत आत यायची असते, त्यामुळं प्रत्येक फेरीत थोडं थोडं सैल कापड पुढं ढकललं जातं. अकराव्या फेरीला बघतो तर मधोमध चार बोटांचा फुगा. अक्का आल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, "दादा, आत वारा भरलाय की. उसवा." तीन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. मागावर एवढा दोष आला असता तर चादर सेकंड मालात जाऊन पडली असती आणि माझ्या नावावर खोट लागली असती. इथं उसवलेला दोराच परत वापरला. त्या तीन संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की हे काम आपल्याला सोडवत नाही.

दोऱ्याबद्दल माझं मत पक्कं आहे. घरात कारखान्यातलं बाण्याचं एकेरी सूत पडलं होतं, मी तेच घेतलं. त्याला पीळ कमी, दर हातभर अंतरावर तुटायचं. बाण्याला मागावर ताण्याएवढा, म्हणजे उभ्या दोऱ्याएवढा, ताण सोसावा लागत नाही, म्हणून ते तसंच कातलेलं असतं. हे मला माहीत असायला हवं होतं, पण सुईतला दोरा सहा पदरांतून शेकडो वेळा घासत जातो, हा विचारच केला नाही. दोन-तीन सुतं एकत्र पिळलेला जाड सुती दोरा घ्या. एका वेळी बोटापासून खांद्यापर्यंत भरेल एवढाच कापा, लांब घेतला तर गुंता होतो. मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, दोरा गुळगुळीत होतो आणि केस सुटत नाहीत. गाठ दोन पदरांच्या मध्ये दडवायची. सुईचं नेढं मोठं हवं, पण सुई जाड नको. दाभण पोत्याला ठीक, साडीला भोक पाडतं. मधल्या बोटात अंगुस्तान घालाच. मी पहिले चार दिवस घातलं नाही, पाचव्या दिवशी जेवताना तिखट लागलं तसं बोट कळवळलं.

टाका म्हणजे साधा धावदोरा. वर मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढा, खाली तेवढाच. सुईवर तीन-चार टाके घेऊन मगच दोरा ओढायचा. आणि ओढायचा म्हणजे आवळायचा नाही, बसवायचा. माझा हात घट्ट, मागाच्या सवयीचा. बायको प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बघत बसायची. ती म्हणाली, "अहो, ताण्यासारखं ताणू नका. तिला श्वास घेऊ द्या." तेव्हापासून दर वीतभर शिवलं की मी कापड दोन्ही हातांनी हलकं झटकतो, आवळलेला दोरा सैल होऊन बसतो.

पहिली फेरी कडेपासून अर्ध्या बोटावर. पुढची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपासून बोटभर आत, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर. खडूनं रेघा मारू नका, डाव्या हाताचं बोटच माप. कोपऱ्यावर सुई खाली असताना वाकळ फिरवायची, वर असताना फिरवली तर कोपरा गोल होतो. ओळ वाकडी गेली तर उसवू नका, पुढच्या फेरीत अंतर भरून काढा. फुगा उसवायचा, वाकडेपणा नाही.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून मोजलं. सहा फूट बाय पावणेचार फूट, बोटभर अंतर: सगळी मिळून शंभर मीटरच्या पुढं ओळ भरते, आणि वरचे टाके दहा हजारांच्या आसपास. हे मी सुरू करायच्या आधी मोजलं असतं तर सुई उचललीच नसती, म्हणून तुम्हीही आधी मोजू नका. रोज दोन मीटर, बस. मला संध्याकाळी सातला बसायची सवय लागली. ओळ पुरी करून उठायचो तेव्हा दुसऱ्या दिवशी बसायला आळस यायचा. मग अर्ध्यावर थांबायला लागलो, दोरा सुईत तसाच. रात्री कूस बदलताना ती अर्धी ओळ डोळ्यांपुढं यायची आणि सकाळी चहाच्या आधी मी फरशीवर असायचो.

वाकळ बाळासाठी आहे म्हणून एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. बसताना सुया मोजा, उठताना मोजा. मी दोनच सुया वापरतो आणि उठताना दोन्ही बुचात खोचतो. वाकळ पुरी झाली की जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोन्ही बाजूंनी फिरवून घेतो.

शेवटचा मधला चौकोन तळहाताएवढा उरला तेव्हा अक्कांनी थांबवलं. त्यांच्या घरची रीत अशी, की उपाशी वाकळ पांघरायला देत नाहीत. त्यांनी चतकोर भाकरी आणि गुळाचा खडा मध्यावर ठेवला, हळद-कुंकू लावलं, मग मी उरलेल्या दोन फेऱ्या घातल्या. भाकरी बाळंतिणीनं खाल्ली.

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीतली जत्रा, आठवड्यावर आली होती. कच्चे टाके काढून वाकळ थंड पाण्यात बुडवली, पिळली नाही, दोघांनी दोन टोकं धरून गच्चीच्या कठड्यावर टाकली. वाळताना शिवणीचा दोरा जरासा आटतो आणि टाक्यांमधलं कापड उठून येतं, ज्वारीच्या दाण्यांसारखं. संध्याकाळी बायकोनं तिच्यावरून डावा हात फिरवला आणि आत जाऊन ट्रंकेतून तिच्या आईचं नऊवारी लुगडं आणून माझ्यापुढं ठेवलं. त्याचे सहा-सहा फुटांचे चार तुकडे होतात, वर थोडं उरतं.