पोर्शे 944 ला वेगळ्या ऑफसेटची चाकं बसवताना

पोर्शे 944 ची जुनी आणि नवी चाकं एकाच हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बिनतक्रार चढतात, आणि घोळ तिथेच होतो. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5×130 आणि सेंटर बोअर (रिमचं मधलं भोक) 71.6 मिमी दोन्हींत तेच. ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर (ईटी, मिमीत), मात्र 1986 पर्यंतच्या मॉडेलांना ईटी 23 च्या आसपास, तर 1987 पासून ईटी 52. म्हणजे नवं चाक जुन्या गाडीत 29 मिमी आत शिरतं, आणि जुनं चाक नव्या गाडीत तेवढंच फेंडरबाहेर येतं.

रिम घेण्याआधी हिशोब करा. रुंदीतल्या फरकाचा निम्मा भाग आणि ईटीतला फरक यांची बेरीज केली की आतली कड किती सरकेल ते कळतं. 7 जे (7 इंच रुंद) ईटी 23 काढून 8 जे ईटी 52 लावलं, तर 12.7 अधिक 29, म्हणजे जवळजवळ 42 मिमी आत. रिमवरचा आकडा पुसला गेला असेल तर रिम पालथी ठेवा, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. त्यातून रिमची कडेपासून कडेपर्यंतची निम्मी रुंदी वजा केली की ईटी मिळतो. स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) आणि टायरमध्ये किमान 5 मिमी मोकळं हवंच.

जुन्या गाडीत नवी चाकं लावायची तर 28 मिमीचा स्पेसर (हब आणि चाकामध्ये बसणारी चकती) लागतो. नाना पेठेत मिळणारे लांबट भोकांचे, सगळ्या गाड्यांना चालणारे स्पेसर घेऊ नका. चाक हबवर मध्यात बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. भोसरीत लेथवर करून घेणार असाल तर ओतीव नको, 6061-टी6 अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून करा. आतलं बोअर आणि बाहेरची कड, दोन्ही 71.6 मिमीला नीट जुळली पाहिजेत. स्टडही (हबमधले आट्यांचे दांडे, ज्यांवर नट चढतात) तेवढेच लांब हवेत, आणि ते हब काढून प्रेसवर बसवा. गाडीवरच हातोड्याने ठोकले तर बेअरिंगला मार बसतो. आटे एम14×1.5 चे आहेत, त्यामुळे नट किमान 10 फेरे चढला पाहिजे.

नटाची बैठक (नट रिमला टेकतो तो भाग) तर हमखास नजरेआड होते. मूळ रिमला गोल बैठकीचा नट लागतो, बाजारातल्या बऱ्याच रिमना 60 अंशांचा शंकू. नटाच्या बैठकीवर मार्करची शाई लावा, आवळा, काढा. शाई रुंद पट्ट्यात पुसली गेली तर जोडी बरोबर. नुसती बारीक रेघ उमटली तर तो नट पुढे सैल होणार.

आता स्ट्रटवर आणि फेंडरच्या आत क्लेच्या गोळ्या चिकटवा, मागे दोघांना बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि स्पीडब्रेकरवरून सावकाश जा. सिंहगडाच्या वळणांवर एक फेरी मारली तर उत्तमच. गोळी चेपली असेल तिथे टायर घासणार. चाक मूळ जागेपेक्षा बाहेर गेलं असेल तर खड्ड्यात स्टिअरिंग हातात झटके देईल. अलाइनमेंटने ते जात नाही.

नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने 130 न्यूटन-मीटरला आवळा. अ‍ॅल्युमिनियमच्या नटांना इम्पॅक्ट गन लावू देऊ नका. 100 किमीनंतर, चाकं थंड असताना, पुन्हा एकदा तपासा.