नोटीस पिरियडमधली रजा: आधी नियुक्तीपत्र वाचा

राजीनामा टाकला, गणपतीला गावी जायचंय आणि खात्यावर १४ रजा पडून आहेत. थेट अर्ज टाकू नका. नियुक्तीपत्रातलं नोटीसचं कलम आधी काढून बघा. रजा घेतली तर तेवढे दिवस शेवटची तारीख पुढे ढकलली जाईल, असं तिथे अनेकदा लिहिलेलं असतं आणि नव्या नोकरीची जॉइनिंग तिथेच अडकते.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात. वर्षात २४० दिवस काम भरलं, की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. ती ४५ दिवसांपर्यंत साठते. मॅनेजर मंडळी मात्र या कायद्यातल्या 'कामगार' व्याख्येत सहसा बसत नाहीत, त्यांचं सगळं करारावर.

साहेब चहाच्या टपरीवर 'घे रे बिनधास्त' म्हणाले, ती मंजुरी नव्हे! माझे तीन दिवस असेच बिनपगारी झाले. जागेवर आल्या आल्या मेल टाका: 'अमुक तारखांची रजा मंजूर, शेवटचा दिवस तोच.' नकार आला तरी तोही लेखीच मागा, उरलेल्या रजेचे पैसे मागताना तो कागद कामाला येतो. आणि पोर्टल बंद व्हायच्या आत शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनवर घ्या.